चौदाव्या प्रकरणातलं वासरू

मास्तरांच्या पहिल्या पुस्तकातल्या गाईने दूध देणं शक्यच नव्हतं, आणि ही गोष्ट अख्ख्या फ्रान्समध्ये फक्त आमच्या गावाच्या लक्षात आली. पॅरिसच्या वर्तमानपत्रांनी ते पुस्तक डोक्यावर घेतलं होतं. रानाचा लेखक, मातीचा लेखक, काय काय छापून आलं होतं. इकडे आमच्या वेसियेर गावच्या खानावळीत ते पुस्तक एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरलं आणि गुराखी पोट धरून हसले. कारण त्यात एक गडी पहाटे एकटाच कुरणात जातो, गाईखाली बसतो आणि चरवी भरून उठतो. वासराचा कुठे पत्ताच नाही.

आमच्या सालेर गाई तांबड्या, लांब शिंगांच्या आणि महाहट्टी. वासरू अंगाशी नसेल तर पान्हा चोरतात. प्रत्यक्ष पोप आला तरी थेंब द्यायच्या नाहीत. माझे वडील बाप्तिस्त वाब्रे डोंगरावर चाळीस गाईंचे मुख्य गुराखी होते. ते सरळ शाळेत आले, डोक्यावरची टोपीसुद्धा काढली नाही. मी तेव्हा बारा वर्षांची, दुसऱ्या बाकावर. सगळ्या वर्गासमोर ते म्हणाले, "मास्तर, तुमची एकेचाळिसाव्या पानावरची गाय भाकड आहे."

मास्तर म्हणजे इलेर कुर्बेर. क्लेरमाँहून आमच्याकडे शिकवायला आलेला तिशीतला माणूस. कानापर्यंत लाल झाले. दुसरा कुणी असता तर मास्तरकीचा तोरा दाखवून त्याने वडिलांना दाराबाहेर काढलं असतं. त्यांनी हातातला खडू खाली ठेवला आणि विचारलं, सुट्टीत मी वर येऊ का? वडील म्हणाले, या, पण वर रिकाम्या हातांना जेवण नसतं.

त्या उन्हाळ्यात वडिलांनी त्यांना वासरांच्या कुंपणाच्या फाटकावर उभं केलं. आमच्याकडे धार काढणं हे एकट्याचं काम नाही. धार काढणारा कमरेला एका पायाचं स्टूल बांधून गाईखाली बसतो आणि गाईचं नाव पुकारतो. वासराला नाव आईचंच. फाटकावरच्या माणसाने चाळीस वासरांतून नेमकं तेवढंच बाहेर सोडायचं. ते धावत जाऊन आईला लुचतं. दोन घोट पोटात गेले की त्याला ओढून आईच्या पुढच्या पायाशी बांधायचं आणि पाठीवर मूठभर मीठ टाकायचं. आई मीठ चाटत राहते आणि धार सुरू होते. पहिल्याच आठवड्यात मास्तरांनी मार्कीज नावाच्या गाईच्या हाकेला भलतंच वासरू सोडलं, आणि मार्कीजने त्याला शिंगांनी ढकलत कुंपणापर्यंत परत आणलं. सुट्टी संपेपर्यंत मात्र त्यांना चाळीसही चेहरे पाठ झाले. वडील कुणाचं कौतुक करणाऱ्यांतले नव्हते. त्यांनी मास्तरांच्या ताटात बटाटे आणि ताजं चीज स्वतःच्या हाताने वाढलं, एवढंच.

त्यानंतर मास्तरांनी आठ पुस्तकं लिहिली. त्यांची छापील नावं गावात कुणी घेत नाही. गवताचं पुस्तक, बर्फाचं पुस्तक, बीच पडला त्याचं पुस्तक, असंच म्हणतात. बीचच्या पुस्तकात एक झाड पडतं, बास, दुसरं काही घडत नाही, आणि ते मी चार वेळा वाचलं आहे. दर पुस्तक पॅरिसला जाण्याआधी वडिलांच्या हाताखालून जायचं. वडील गेल्यावर ते काम माझ्याकडे आलं. मी चौदाव्या वर्षी शाळा सोडली, चीज करते, गाई राखते, आणि पॅरिसचे लोक ज्याला बोलावून बोलावून बक्षिसं देतात त्याच्या पानांवर अठ्ठावीस वर्षं लाल पेन्सिल चालवते. ऑगस्टमध्ये कोकिळा ओरडली की मी ती काढून टाकते. उत्तरेच्या उतारावर त्यांनी जूनमध्येच गवत कापलं की ते मी जुलैत ढकलते. याचा मला गर्व आहे. ज्याला तो खुपतो त्याने खुशाल तोंड फिरवावं.

यंदा मास्तर एक्क्याऐंशीचे झाले आणि दहावं पुस्तक लिहून झालं. हे शेवटचं, असं ते स्वतःच म्हणाले. गेल्या हिवाळ्यापासून त्यांचं विसरणं वाढलं होतं. सकाळी ब्रेड घेऊन गेलेले मास्तर अकराला पुन्हा ब्रेड घ्यायला यायचे. बेकरीवाला काही न बोलता दुसरा ब्रेड द्यायचा आणि संध्याकाळी त्यांच्या घरावरून जाताना पहिला परत घेऊन यायचा. मला एकदा त्यांनी बाप्तिस्त म्हणून हाक मारली. मी ओ दिली. गावात हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणीच त्यावर बोलत नव्हतं. आमच्या गावाला इतका वेळ तोंड मिटून बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

जूनमध्ये मी पानांचा गठ्ठा वर कुरणात नेला. सकाळचं चीज दाबाखाली गेलं की दगडी खोपटाच्या पायरीवर बसून वाचायचं, ही माझी पद्धत. तेरा प्रकरणं झाली आणि मी तीनच खुणा केल्या होत्या. भाऊ मारियुस म्हणाला, यंदा तुझी पेन्सिल उपाशी मरणार. मग चौदावं आलं. पहाट, दंव, गाईच्या अंगाची वाफ. गडी एकटाच येतो, कपाळ गाईच्या कुशीला टेकवतो आणि चरवीत धार वाजायला लागते. फार सुंदर लिहिलं होतं. वासरू नव्हतं.

मी मागची पानं चाळली, पुढची चाळली, कुठे दुसरीकडे लिहिलं असेल म्हणून. नव्हतं. नवख्या मास्तरांकडून ती चूक झाली तेव्हा लोक हसले आणि विसरून गेले. पण आता ही चूक करणारा माणूस तो होता ज्याने अख्खा उन्हाळा फाटकावर उभं राहून तेच एक काम केलं होतं. कोकिळा चुकणं वेगळं. हे म्हणजे स्वतःचा हात विसरणं होतं.

दोनच दिवसांनी लिओनेलची गाडी धापा टाकत डोंगर चढून आली. हा मास्तरांचा पुतण्या, त्यांच्या रक्ताचं उरलेलं एकच माणूस. क्लेरमाँला त्याचं औषधांचं दुकान आहे. वाईट नाही तो. काकांना दर महिन्याला भेटायला येतो, येताना चांगले बूट घालून येतो आणि शेणात पाय पडला तरी तोंड वाकडं करत नाही. त्याने ऑरियाकच्या वृद्धाश्रमात काकांसाठी खोली पाहून ठेवली होती. खिडकीतून बाग दिसते म्हणाला. मास्तरांना विचारलं तर ते म्हणाले होते, बाग पाहून मी काय करू, मला डोंगर लागतो. त्यावर काका-पुतण्यांत कडाक्याचं वाजलं होतं.

लिओनेल पायरीवर माझ्या शेजारी बसला. म्हणाला, गावात कुणी मला खरं सांगत नाही, सगळे ओठ शिवून बसलेत. तुम्ही त्यांची पानं वाचता. डोकं ठिकाणावर नसेल तर आधी पानांत दिसेल.

"तुमच्या शब्दावर सोडतो," तो म्हणाला. "पानं ठीक असतील तर मी खोली सोडून देतो. नसतील तर हिवाळ्याआधी त्यांना घेऊन जातो. खरं सांगा."

गठ्ठा माझ्या मांडीवर होता, चौदावं प्रकरण सगळ्यांत वर. मी त्याच्या डोळ्यांत पाहून म्हणाले, "एक स्वल्पविरामसुद्धा इकडचा तिकडे नाही."

त्याने सुस्कारा टाकला. मला वाटतं, त्यालाही हेच ऐकायचं होतं. मी त्याला चीजची एक जाड फोड दिली आणि तो गाडी घेऊन खाली गेला. मी खोटं सहसा बोलत नाही, सवय नाही. आता हे खोटं खरं करून दाखवणं भाग होतं. मास्तरांना सांगावं तर त्यांचा तोल जाईल अशी भीती. न सांगावं आणि पान तसंच जाऊ द्यावं तर पुस्तक छापून येणार आणि पन्नास वर्षांनी खानावळीत पुन्हा तेच हसू होणार, या वेळी म्हाताऱ्या माणसावर. लिओनेलच्या कानावर ते गेल्याशिवाय राहणार नव्हतं.

म्हणून मी लिहायला बसले. आयुष्यात कुणाला दोन ओळींच्या वर पत्र लिहिलेलं नाही. पहिल्या दिवशी मास्तरांसारखं लिहायला गेले. दंव आणलं, वाफ आणली, आकाश आणलं, आणि वाचून पाहिलं तर आमची गाय चर्चमधल्या चित्रातल्यासारखी दिसायला लागली. फाडून टाकलं. दुसऱ्या दिवशी मारियुस ओरडला की चीजचं दही आंबून चाललंय आणि तुझं काय चाललंय. चौथ्या दिवशी मी ठरवलं की हे मी अशा माणसाला सांगतेय ज्याला उद्या पहाटे हे काम करायचं आहे. मग मात्र भराभर आलं. फाटकाची खुंटी ओली असली की कशी फुगते. आईच्या नावाला चाळीसांतलं एकच वासरू कान कसं हलवतं. लुचणारं वासरू ओढून काढताना आपल्यालाच कसं वाईट वाटतं आणि तरी ओढावं लागतं. खांद्याला कुठे जोर लावायचा, शेवटी त्याच्यासाठी किती दूध सोडायचं. नऊ पानं झाली.

अक्षराची काळजी नव्हती. माझं अक्षर मास्तरांनीच लहानपणी घोटून घेतलेलं, 'मास्तरांची सावली' म्हणून बाकीच्या पोरी चिडवायच्या. मी त्यांची पानं काढली, माझी घातली आणि नेहमीसारखा गठ्ठा बांधून टपालात टाकला. त्यांची पानं मी जाळली नाहीत. कपाटात, वडिलांच्या रविवारच्या कोटाखाली ठेवली.

सप्टेंबरमध्ये पॅरिसहून पत्र आलं. मी चीज द्यायला गेले तेव्हा मास्तरांनी ते मला वाचून दाखवलं. प्रकाशनातल्या मादाम सोल्येंनी लिहिलं होतं की पुस्तक चांगलं आहेच, पण चौदाव्या प्रकरणातली धार काढण्याची पानं तुम्ही आजवर लिहिलेल्या सगळ्यात सरस आहेत, आमच्याकडे ती एकमेकांना मोठ्याने वाचून दाखवली. मास्तरांनी पत्राची घडी घातली आणि खिडकीबाहेर पाहत राहिले. मी चीज मेजावर ठेवलं, हवापाण्याचं काहीतरी बोलले आणि निघाले. रस्त्याच्या वळणावर मात्र मला थांबावं लागलं. पॅरिसमध्ये माझी पानं मोठ्याने वाचत होते. मला ते कुणालाही सांगता येणार नव्हतं, मारियुसलासुद्धा नाही. आनंद इतका झाला होता की पहिलं पान मी तिथंच एकटीने मोठ्याने म्हणून टाकलं.

दर ऑक्टोबरात गुरं डोंगरावरून खाली उतरतात तो रविवार आमचा सगळ्यांत मोठा. दुपारी गाई गोठ्यात गेल्या, घंटा काढून झाल्या की सगळे ओदेतच्या खानावळीत जमतात, आणि नवं पुस्तक येणार असेल तर मास्तर त्यातलं एक प्रकरण वाचतात. ऐकणारे गुराखी, चिखलाच्या बुटांतले. पॅरिसचे बक्षीस देणारे परवडले. चूक सापडली की मागच्या भिंतीशी कुणीतरी खाकरतो, आणि तेवढं पुरतं. यंदा लिओनेलही आला होता, पुढच्या खुर्चीवर बसला होता. पॅरिसहून तपासायला आलेली छापील पानं मास्तरांच्या हातात होती.

ते म्हणाले, चौदावं वाचतो.

पहिलं पान त्यांनी नीट वाचलं. पहाटेचं, त्यांचंच पान. मग गडी कुरणात येतो तिथवर आले आणि थांबले. चष्मा काढला. मला वाटलं विसरले, आता सगळ्यांसमोर घोटाळा होणार. मी उठायच्या बेतात होते.

"मी इथं थांबतो," मास्तर म्हणाले. "पुढची नऊ पानं माझी नाहीत. हे प्रकरण लिहिताना मी वासरू विसरलो. नोएलीने ते आणून बांधलं आणि मला कळू दिलं नाही."

कुणी खाकरलं नाही. मागच्या भिंतीपासून पुढच्या खुर्चीपर्यंत सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मास्तर शांतपणे सांगत राहिले. पत्र आलं तेव्हा त्यांना ती पानं आठवेनात, म्हणून त्यांनी स्वतःचा कच्चा खर्डा काढून पाहिला. त्यात वासरू नव्हतं, आणि मधे गठ्ठा फक्त माझ्या हातात गेला होता. दोन दिवस ते घराबाहेर पडले नाहीत. मग त्यांनी पॅरिसला कळवलं की चौदाव्या प्रकरणाखाली नोएली वाब्रे हे नाव छापा, नाहीतर पुस्तक परत पाठवा. पॅरिसवाल्यांनी ते कबूल केलं होतं.

"दुसऱ्याची शाबासकी मी खिशात घालून फिरणार नाही," ते म्हणाले. "तेवढं अजून माझ्या लक्षात राहतं."

लिओनेल उठून उभा राहिला. चिडलेला नव्हता, त्याचा चेहरा पडला होता. म्हणाला, काका, मी हेच तर सांगत होतो. मग माझ्याकडे वळला. "आणि तुम्ही माझ्याशी खोटं बोललात."

"बोलले," मी म्हणाले. खुर्चीत बसून म्हणणं जमेना म्हणून उभी राहिले. "तू विचारलंस पानं ठीक आहेत का. मी ती ठीक केली. फाटकावर माणूस उभा असतो तो कशासाठी, लिओनेल? धार काढणाऱ्याने वासरू आणायला उठायचं नसतं. ते विसरले, मी आणलं. उद्या विसरले तर उद्या आणीन. आम्ही इथं असंच काम करतो."

"आणि गॅस चालू ठेवून विसरले तर?" त्याचा आवाज चढला. "तेव्हा काय कराल?"

प्रश्न खरा होता. ओदेत गल्ल्यामागून, ग्लास पुसता पुसता बोलली. "दुपारी जेवतात ते माझ्याकडेच. रात्रीचंही इथंच जेवतील. मग गॅस हवाय कशाला? निघताना सिलिंडर तुझ्या गाडीत टाकून ने."

मागून हशा उठला. मग एकेक जण बोलायला लागला. बेकरीवाल्याने दोन ब्रेडची गोष्ट सांगून टाकली. मास्तरांनी ती पहिल्यांदाच ऐकली आणि म्हणाले, तरीच ब्रेड कधी शिळा होत नव्हता. मारियुस म्हणाला, त्यांच्या शेगडीची लाकडं मी भरतो, सकाळी पेटवतो, संध्याकाळी विझवून येतो, मला तसंही झोप कमी. इतके महिने मिटलेली सगळी तोंडं एकदम उघडली. मास्तरांच्या चेहऱ्यावर लाज नव्हती. ते त्या गोंगाटात ताठ बसले होते, एक्क्याऐंशी वर्षांचा माणूस बसतो त्याहून ताठ.

"ईस्टरपर्यंत," लिओनेल शेवटी म्हणाला. "ईस्टरला मी येऊन पाहीन."

"ईस्टरला ये, जेवायलाच ये," ओदेत म्हणाली.

"झालं सगळ्यांचं?" मास्तर म्हणाले. "मला पुढचं ऐकायचंय. नोएली, इकडे ये."

मी म्हणाले, चारचौघांत वाचायची मला सवय नाही. त्यांनी मला वर्गात उभं करायचे तसं नुसतं पाहिलं. मी पुढे गेले. त्यांनी स्वतःची खुर्ची मला दिली आणि शेजारच्या बाकावर बसले.

पहिल्या ओळीला आवाज फुटेना. तिसऱ्या ओळीला फुटला. फाटकाची ओली खुंटी आली तेव्हा मागच्या भिंतीशी कुणीतरी हुंकार दिला. खाकरणं नव्हतं ते, हुंकार होता. मग वासरू आईकडे धावलं, आणि चाळीस-पन्नास वर्षं पहाटे पहाटे हेच काम केलेली माणसं पुढे वाकून ऐकायला लागली, जणू हे कधी पाहिलंच नव्हतं. लिओनेलही वाकला. गुराख्यांना चूक शोधायची होती, ती सापडत नव्हती. आपल्या कामात एवढं काही आहे हे त्या माणसांना पहिल्यांदा कुणीतरी त्यांच्यातलंच सांगत होतं, आणि ते कुणीतरी मी होते.

स्वतःचंच लिहिलेलं सगळ्या गावासमोर वाचताना बाईमाणसाला थोडी लाज वाटायला हवी, असं आमच्याकडे मानतात. मला नाही वाटली. माझा आवाज चढत गेला. मास्तर शेजारी डोळे मिटून ऐकत होते, उद्याही गावातच असणार होते, आणि मी सातवं पान उलटलं.